माळाईचा पैरा

टेबलाभोवतीचे सगळे हात एकदम थांबले.

पट्टा चालूच होता. शेडच्या त्या टोकाकडून बेदाणा खळखळत येत होता, पिवळाधमक, गंधकाच्या धुरीचा वास अंगावर घेऊन. काळपट मणी उचलायचे, काड्या उचलायच्या, चांगला माल पुढं जाऊ द्यायचा, एवढंच काम. पण निवडणारी बोटं जागच्या जागी राहिली. छायाकाकीच्या कपाळावर घाम डवरला. रूपालीनं पदर गळ्याभोवती आवळून घेतला. नीलमच्या आधी कानाच्या पाळ्या तापल्या, मग गाल, मग डोळ्यांच्या कडा. कुणीतरी लांब बसून चूल फुंकावी आणि तिची धग आपल्या हाडांना लागावी, तसा ताप अंगात शिरला.

“कुणाचा गं?” छायाकाकीनं विचारलं.

नीलमनं बाही वर सारली. कोपराखाली, आतल्या बाजूला, टिकल्यांच्या पाकिटाएवढी पट्टी कातडीला चिकटलेली होती. तिच्या मधोमध केशरी ठिपका मिणमिणत होता आणि त्याच्याखाली दुखणाइताचं नाव उमटलं होतं.

“आक्काचा,” ती म्हणाली.

“आक्का घरात पंख्याखाली, आन् ताप आमाला,” रूपाली म्हणाली. “माझ्या सासूनं बी एवढा दिला न्हवता.”

“मग सासूला बी बांध की पट्टी,” छायाकाकी म्हणाली. “कळंल तरी तिला, तुझा किती होतो त्यो.”

हसणं टेबलाभोवती फिरलं आणि त्या हसण्याबरोबर ताप जरा निवला. हात पुन्हा चालू झाले. कुणीतरी हलक्या आवाजात ओवी धरली, बाकीच्यांनी उचलली:

दुखण्याचं ओझं बाई, एकलीला पेलंना,
बायांनी हात दिला, आता भुईला टेकंना.

तासगावच्या पुढं, माळावरच्या त्या शेडवस्तीत हे आता नवलाचं राहिलं नव्हतं.

नीलमची थोरली जाऊ वंदना, वस्तीची आक्का, दोन उन्हाळ्यांमागं धापेनं वाकली, तेव्हा नीलम तिला घेऊन तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली होती. त्या दवाखान्याला काचेचं दार होतं. दाराशी माणूस नव्हता, दाराला मूठ नव्हती. विम्याचं कार्ड जवळ असलं की दार आपसूक सरकायचं. नसलं की काच नुसती काच राहायची. शेडवर रोजंदारीनं निवडणाऱ्या बायांना कुठलाच मालक आपल्या म्हणत नव्हता, म्हणून त्यांना कुठलाच विमा आपल्या म्हणत नव्हता. त्या काचेत नीलमला दोन बाया दिसल्या, एक वाकलेली आणि एक तिला धरून उभी. आतलं काही दिसलं नाही.

शेवटी सरकारी दवाखान्यात डॉक्टर शबाना मुजावर भेटल्या. त्यांनी दुखणं समजावून सांगितलं. अंगाचे पहारेकरी बिथरलेत, घरच्याच माणसांवर तुटून पडलेत, वंदनाबाईंची फुप्फुसं त्यांचंच अंग खातंय. औषध आहे, पण ते रोज लागतं, जन्मभर. औषधाची किंमत ऐकून वंदना खो-खो हसली होती आणि हसताहसता तिला धाप लागली होती. “एवढ्यात दुसरी वंदना येईल की वो मॅडम, नवी कोरी. हिला कशाला दुरुस्त करताय?”

शबाना मॅडम हसल्या नाहीत. आठवड्यानं त्या स्वतःच वस्तीवर आल्या, नमुन्याची एक पट्टी घेऊन.

“पैरा ठाऊक आहे ना?” त्यांनी विचारलं होतं. “आज तुमच्या रानात आम्ही राबायचं, उद्या आमच्या रानात तुम्ही. तसंच हे. या पट्टीत जिवंत पेशी आहेत, कामकरी पेशी म्हणा. तुमच्या घामावर आणि रक्ताच्या कणावर त्या जगतात. एकीचं अंग बिघडलं की तिची पट्टी बाकीच्या पट्ट्यांना निरोप धाडते, आणि तुमच्या अंगातल्या पेशी तिला हवं ते औषध बनवायला बसतात. त्या कामाचा कढ येतो, तोच तुमचा ताप. सकाळी पट्टीच्या वाटीत एक थेंब जमलेला असेल. सगळे थेंब दुखणाइताच्या पट्टीत घालायचे. एका देहानं पुरतं औषध बनवायला घेतलं तर तो देह जळून जाईल. पण बारा देह मिळून ते सहज बनवतील.”

“बाराच?” वंदनानं विचारलं होतं.

“बारा. कमी चालत नाहीत.”

इथं जे घडलं, ते त्याच बायांच्या हातून घडण्यासारखं होतं. वंदना वस्तीतली भिशी चालवायची, आणि शेडवस्तीत भिशी असो, हळदीकुंकू असो की सहलीची गाडी, पहिला वाटा माळाईचा. माळाई म्हणजे शेडमागच्या लिंबाखालचा शेंदूर माखलेला गोल तांदळा. सवयीनं, मनात काही पाप न ठेवता, वंदनानं पट्ट्यांसाठी मोबाइलमध्ये नावं सांगितली तेव्हा पहिलं नाव माळाईचं सांगितलं आणि मग स्वतःसकट अकरा बायांची. बारा पट्ट्या आल्या. अकरा हातांवर चिकटल्या. बारावी छायाकाकीनं तूप लावून, हळदकुंकू वाहून, दगडाच्या अंगाला लावली.

पैरा सुरू झाला. वंदनाची धाप बसली. थेंब बारा हवेत आणि बाया अकराच आहेत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण पहिल्या सकाळपासून थेंब बाराच होते.

*

त्या आठवड्यात माळाईला न्हाऊ घालायची नीलमची बारी होती.

सकाळचं ऊन लिंबाच्या पाल्यातून गळत होतं. नीलमनं तांब्यातलं पाणी दगडावर ओतलं, मग दूध, मग दह्याभाताचा गोळा पुढं ठेवला. शेंदराच्या थरावर थर चढून तांदळा गुळगुळीत झाला होता. पट्टी त्या थरात अशी रुतली होती की तिची कड हाताला लागत नव्हती. वाटीत थेंब होता, स्वच्छ आणि टपोरा. नीलमनं तो शिंपलीत घेतला.

आणि मग तिनं रोज टाळलेली गोष्ट केली. पूर्ण तळवा दगडावर टेकला.

दगड कोमट होता. ऊन अजून त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. झोपेतून नुकत्याच उठलेल्या पोराच्या पाठीसारखी ती ऊब होती, आणि तिच्या आत, फार खोल, काहीतरी सावकाश हलत होतं. नीलमनं हात काढून पदराला पुसला.

घरी वंदना उशीला टेकून बसली होती. नीलमनं अकराच्या अकरा थेंब तिच्या पट्टीत सोडले. बारावा, वंदनाचा स्वतःचा, तिच्या पट्टीत आधीच होता.

“आक्का, दगड कधी गरम असतोय का गं?”

“तव्याखालचा असतोय.”

“मी माळाईचं विचारतीया.”

वंदनानं धाकट्या जावेकडं पाहिलं. ह्या पोरीला तिनंच बघून आणली होती, तिच्या बाळंतपणात तिनंच उठबस केली होती, तिची लेक शर्वरी तिच्याच मांडीवर वाढली होती. वंदनाला स्वतःला मूल झालं नाही. “बया,” ती म्हणाली, “ताप सगळ्यास्नी येतोय. तिलाच का म्हणून येऊ न्हाय?”

*

सुगीच्या तोंडावर शबाना मॅडम आल्या. त्यांच्या दवाखान्यातल्या यंत्रावर सगळ्या पट्ट्यांची कामं दिसायची. शेडच्या दारात उभं राहून, रुमालानं मान पुसत त्या म्हणाल्या, “मला माळाईंना भेटायचंय.”

पट्ट्याजवळच्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या.

“तुमच्या पैऱ्यात सगळ्यांत चोख औषध त्यांचं येतं. एक दिवस खाडा नाही, कधी कमी नाही. इतका निरोगी देह मी पाहिला नाही. त्या काय खातात, कशा राहतात, मला विचारायचंय.”

“दहीभात खात्यात,” रूपाली खाली बघत म्हणाली.

“अमावस्येला पुरणपोळी,” दुसरी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

छायाकाकी उठली. “चला मॅडम. पर चपला हितंच काढा.”

लिंबाखाली पोचल्यावर शबाना मॅडमनी आधी दगड पाहिला, मग त्याच्यावरची पट्टी. त्या रागावतील असं नीलमला वाटलं होतं. पण मुजावरांच्या घरातली ती बाई. आजा दर्ग्यात ऊद फिरवायचा आणि लहानपणी ती त्याचा सदरा धरून मागं चालायची. दगडासमोर त्या हळूच बसल्या. थेंब त्यांनी खिशातल्या तपासयंत्रावर घेतला, आकडे पाहिले, यंत्र पुसून पुन्हा घेतला.

“औषधच आहे,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “पण मग ते बनवतंय कोण?”

त्यांनी पिशवीतून बारीक पातं काढलं आणि शेंदराचा एक पापुद्रा खरवडला.

“आई गं!” रूपाली ओरडली. तिनं पट्टीवर हात दाबून धरला. नीलमच्या कोपराखाली सुईनं उचकल्यासारखं झालं होतं. छायाकाकीनंही हात झटकला. प्रत्येकीला एकाच जागी, एकाच वेळी दुखलं होतं.

“वरबाडू नका तिला,” छायाकाकी म्हणाली. तिच्या आवाजात चिडण्यापेक्षा भीती जास्त होती.

पापुद्र्याखाली दगड दिसला नाही. तिथं ओलसर, गुलाबी, मऊ असं काहीतरी होतं. बाळाच्या हिरडीसारखं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर पातळ साय धरली आणि ते झाकलं गेलं.

शबाना मॅडमनी पातं पिशवीत ठेवलं.  “पेशी पट्टीतून बाहेर पडल्यात,” त्या सावकाश सांगू लागल्या. “अंगावर लावलेल्या पट्टीत त्यांना मोजका घास मिळतो, म्हणून त्या जागेवर राहतात. इथं त्यांना रोज दूध मिळालं, दही, भात, तेल मिळालं. शेंदराच्या थरात ऊब मिळाली, ओल मिळाली. त्यांनी वस्ती केली. हा आता दगड नाही. म्हणजे आत दगड आहे, पण त्याच्यावर एक जीव वाढलाय, आणि तुमच्या पट्ट्यांचे निरोप तो ऐकतो.”

“मंजी देवीच की,” छायाकाकी म्हणाली.

“मला तिचं नाव माहीत नाही, काकी. असा जीव आजवर कुणी पाहिलेला नाही. पण पट्टी काढायला हवी, हे मात्र मला माहीत आहे.”

नीलम पुढं झाली. “काढली तर अकरा राहत्यात. मग आक्काचं काय?”

“नवी बाई घ्या पैऱ्यात.”

“ती लागलीच चालंल?”

 नवा देह पैऱ्याला जुळायला एक अख्खा हंगाम लागतो, हे मॅडमनीच सांगितलेलं होतं. आणि वंदनाचं औषध एक आठवडा तुटलं तर पुढचा आठवडा नाही, हेही.

“नवी बाई आजच घ्या,” अखेर त्या म्हणाल्या. “ती जुळली की ही पट्टी काढायची. तोवर मी कुणाला सांगत नाही.” उठताना त्यांनी नकळत दगडाच्या दिशेनं हात कपाळाला लावला, मग ओशाळून चष्मा सारखा केला.

*

पण हंगाम सरायच्या आतच ती दुपार आली.

शेडवर जेवणाची सुट्टी होती. डबे उघडलेले होते. आणि पाट्याखालून वरवंटा ओढावा तशी एक कळ सगळ्या बायांच्या कमरेतून निघाली, पुढं पोटात आली, थांबली आणि गेली.

 रूपालीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. ती सगळ्यांत धाकटी, लग्नाला वर्ष झालेली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“कुणाचं गं?” छायाकाकीनं विचारलं, पण नेहमीसारखं नाही.

नीलमनं बाही सारली. ठिपका केशरी नव्हता, लाल होता. त्याच्याखाली अकरा जणींपैकी कुणाचं नाव नव्हतं, माळाईचं होतं. लिंबाकडं गेलेली बाई पळत परत आली. “माळाईची पट्टी लाल झालीया! हात लावू द्यायना, तव्यावानी तापलीया!”

नीलम घराकडं धावली. वाटेत दुसरी कळ आली, तेव्हा ती बांधाला धरून उभी राहिली. घरात वंदना भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पोटावर, डोळे मोठे.

“नीलम,” ती म्हणाली, “ह्यो कसला आजार? कंबरेतून निघतोय, पोटात उतरतोय. जातोय आन् परत येतोय. गेला की असं वाटतंय काही झालंच न्हवतं.”

नीलम तिच्याजवळ बसली. तिसरी कळ आली. दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले, आणि ती सरेपर्यंत सोडले नाहीत.

“आजार न्हाय आक्का,” नीलम म्हणाली.

वंदना तिच्याकडं बघत राहिली. हळूहळू तिला उमगलं.  ज्या गोष्टीसाठी तिनं एकेकाळी ह्याच माळाईला नवस बोलून बोलून जीभ झिजवली होती, ती गोष्ट अशी, उसनी, दगडाच्या अंगातून तिच्या अंगात आली होती.

“हे असंच असतं का गं?”

“व्हय आक्का. असंच असतं.”

वंदना रडली नाही. पुढची कळ आली तेव्हा तिनं डोळे मिटले आणि लांबचा पाहुणा दारात आल्यावर आतून आवाज ऐकावा तशी ती ऐकत राहिली.

सांज झाली, रात्र सरली. कळा येतच राहिल्या, पण अकरा अंगांत वाटलेल्या, सोसवणाऱ्या. बाया जात्याशी बसल्यासारख्या जोडीजोडीनं बसून राहिल्या. उजाडताना सगळ्या पट्ट्यांच्या वाट्या भरलेल्या होत्या. थेंब रोजच्यासारखा पाण्यासारखा नव्हता. तो पांढरा होता, दाट, कालवलेल्या चुन्यासारखा.

*

शबाना मॅडमची गाडी आली तेव्हा अकरा थेंब शिंपलीत जमा होऊन लिंबाखाली ठेवलेले होते. वंदनालाही बाजेवर घालून तिथं आणलं होतं. दगडाचा शेंदूर काळपट पडला होता आणि त्याच्या खालच्या अंगाला एक फुगवटा आला होता.

मॅडमनी तपासलं. मग प्रत्येकीचा हात हातात घेऊन नखं पाहिली. नखांवर पांढरी आडवी रेघ उमटली होती.

“चुना आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हाडांतला. आणि वाढीचं एक द्रव्य, जे तिला स्वतःला बनवता येत नाही. वसाहत वाढली की ती फुटते, तिच्यातून दुसरी निघते. त्यासाठी हे हवंय तिला, म्हणून तिनं मागितलं. पैऱ्यातल्या कुणीही मागावं तसं.”

“न्हाय दिलं तर?” छायाकाकीनं विचारलं.

“मरेल, असं वाटतं मला. मग पट्टी काढू. तेच बरं.” त्यांनी आवाज खाली आणला. “या वेळी चिमूटभर घेतलंय तिनं. पुढच्या वेळी किती घेईल? मी सांगू शकत नाही. मला भीती वाटतेय, बायांनो, खरंच सांगते.”

“आमच्या दाताला कळ हाय सकाळपासनं,” छायाकाकी म्हणाली. “मी आजवर हिच्या पाया पडले. पर हिनं माझी हाडं मागितली, तर मी काय म्हणू? उद्या ती आपल्याला चाटून पुसून खाईल. सोडा गं. आक्कासाठी दुसरं काहीतरी बघू.”

“काय बघायचं?” नीलमनं विचारलं. “काच?”

 माळाई गेली तर उद्याच्या सकाळी थेंब अकरा निघणार, आणि नवी बाई अजून जुळलेली नव्हती. प्रत्येकीला ते माहीत होतं, आणि कुणीही वंदनाकडं बघत नव्हतं.

वंदना बाजेवर कोपर टेकून उठली. धाप लागत होती, तरी बोलली. “माझ्यासाठी देऊ नका. माझं मरण तिच्या गळ्यात बांधू नका, न् तुमच्या बी न्हाय. माझं आपलं येगळंच म्हणणं हाय. ती आपल्यात राबलीया का न्हाय? छायाकाकी, तुमच्या पायाची जखम चिघळली तवा? रूपाली, तुला कावीळ झाली तवा? एक दिवस खाडा केला का तिनं?” ती थांबली, श्वास घेतला. “आपुन तिचं नाव घातलं. तिनं मागितलं न्हवतं. नाव घालायचं, राबवून घ्यायचं, आन् तिच्यावर येळ आली की पट्टी काढायची… मग आपल्यात आन् त्या काचंच्या दारात फरक काय?”

लिंबावर कुठंतरी एक पान सुटलं आणि गिरक्या घेत दगडावर येऊन पडलं.

न्हाऊ घालायची बारी आज नीलमचीच होती. शिंपली तिच्या पुढ्यात होती. तिनं शबाना मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी हात पुढं केला नाही, मागंही घेतला नाही. तिनं छायाकाकीकडं पाहिलं. म्हातारीनं तोंड फिरवलं आणि मग, तोंड फिरवलेलंच ठेवून, पुटपुटली, “ओत. निवलं म्हंजी गुण न्हाय येत.”

नीलमनं शिंपली कलती केली.

पांढरं पाणी शेंदरात जिरलं. पुढची कळ आली, ती सगळ्यांत मोठी होती. अकरा बाया एकदम वाकल्या, आणि अकरा गळ्यांतून एकच आवाज निघाला. मग सगळं थांबलं. पट्ट्यांवरचे लाल ठिपके विझले. फुगवट्याला चीर गेली आणि त्यातून बोराएवढं काहीतरी गुलाबी, गोल, घरंगळून दह्याभाताच्या पानावर आलं.

शबाना मॅडमना पुढं व्हायचं सुचेना. वंदनानंच हात लांब केला, ते उचललं आणि पदराच्या टोकानं पुसलं. ते तिच्या तळव्यावर स्थिर राहिलं. बाहेरून कडक होऊ लागलं होतं, आतून हलत होतं.

“गरम हाय गं,” वंदना म्हणाली. मग कितीतरी वेळानं, अगदी हळू, तिनं ओवी म्हटली. ती आधी कुणीच ऐकलेली नव्हती.

उसन्या कळांनी बाई, माझी कूस जागी झाली,
दगडाच्या पोटी आली, लेक माझ्या हाती आली.

*

वस्तीवरची गोष्ट वस्तीवर राहत नाही. चार दिवसांत ती नदीकाठच्या वीटभट्ट्यांपर्यंत गेली.

वंदनाला थेंब मिळत होते, बाराच्या बारा. ती अंगणात बसून ऊन खात होती आणि मांडीवरच्या वाटीत, कापसावर, ते बोराएवढं होतं. शबाना मॅडम रोज येऊन त्याच्याकडं बघत बसायच्या. त्यांनी अजून कुणाला कळवलं नव्हतं. कळवलं तर ते कुठल्यातरी काचेमागं जाईल, आणि न कळवलं तर काय होईल ते त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्ही बाजूंनी त्यांची झोप उडाली होती.

अंगणाच्या कडेला एक बाई येऊन उभी राहिली. विटांच्या लाल धुळीनं तिचे पाय घोट्यापर्यंत माखले होते. खांद्यावर एक पोर होतं. निजल्यासारखं दिसत होतं, पण त्याचा श्वास शिटीसारखा वाजत होता.

“काचंच्या दारावरनं आलेय,” ती म्हणाली. “तुमच्याकडं माळाईचं लेकरू झालंय म्हणं.”

वंदनानं वाटी जवळ घेतली.

“भट्टीवरच्या बायांनी पैरा करायचं ठरवलंय. पट्ट्या मिळत्यात म्हणं.” बाईनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “पर आम्ही अकराच भरतोय.”

नीलमनं आपल्या नखांकडं पाहिलं. पांढरी रेघ वर सरकत होती. द्यायचं का? आणि देताना काय सांगायचं? ही राबेल, चोख राबेल, पण एक दिवस तुमच्याकडं मागेल, आणि किती मागेल ते आम्हाला माहीत नाही? त्या पोराचा श्वास ऐकत असताना एवढं लांबचं सांगणं कुणाच्या कानात शिरेल?

“मॅडम,” वंदनानं विचारलं, “तुमी काय म्हणता?”

शबाना मॅडम बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात नीलमच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग गाल. ताप आला, पण तो नेहमीसारखा नव्हता. एवढासा, हलका, लहान अंगाचा ताप. वंदनाच्याही कपाळावर घाम फुटला होता. शेडकडून, पट्ट्याच्या खळखळीवरून, छायाकाकीची हाक ऐकू आली, “कुणाचा गं?”

नीलमनं बाही सारली. ठिपका केशरी होता, पण त्याच्याखाली पैऱ्यातल्या कुणाचंच नाव उमटलं नव्हतं.

वाटीतलं बोर कापसावर सावकाश फिरलं आणि त्या पोराच्या दिशेला येऊन थांबलं. त्याला कुणी पट्टी लावलेली नव्हती. पोरालाही नव्हती.

मग हा ताप मागितला कुणी होता? आणि त्या सगळ्या अंगांच्या वतीनं त्याला ‘हो’ कुणी म्हटलं होतं?